खोडरबराचा चुरा

१

तेरेझाबाईंना जाऊन वर्ष झालं म्हणून चर्चमध्ये ठेवलेली प्रार्थना, मिस्सा, आटोपली आणि मंडळी आचऱ्याच्या वाचनालयात आली ती त्यांचा आवाज ऐकायला. त्यांच्या नवऱ्याने, साल्वादोर सरांनी, स्वतः संगणक सुरू केला. 'बोलपेटी' उघडली, यादीतल्या बायकोच्या नावावर टिचकी मारली आणि पडदा निळा झाला. संगणक बंद पडला, आपोआप पुन्हा सुरू झाला. बोलपेटीत गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या माणसांचे आवाज होते. तेरेझाबाईंचा नव्हता.

मी तिथे नव्हते. हे सगळं मला डेल्सीने सांगितलं. डेल्सी म्हणजे सरांची मुलगी, कॉलेजात माझ्याबरोबर एका खोलीत राहायची. मी मालवणात संगणकांचे बिघाड शोधण्याचं काम करते. काजूचा हंगाम ऐन भरात असताना ती माझ्या दुकानात आली आणि उभ्यानेच बोलायला लागली.

"पप्पांनी सगळ्यांसमोर एल्रॉयवर आळ घातलानी. म्हणाले, तुझ्याच प्रोग्रॅमने माझी बायको दुसऱ्यांदा मारली."

गावातल्या जुन्या माणसांची बोलणी सर बरीच वर्षं टिपून ठेवत होते. ती शोधून ऐकवणारी बोलपेटी एल्रॉयने लिहिली होती. एल्रॉय सरांचा जुना विद्यार्थी आणि होणारा जावई. नाताळाच्या सुमारापासून संगणक कोसळायला लागला होता, आणि दर वेळी बोलपेटी चालू असतानाच. डेल्सीचं लग्न मोडलं. एल्रॉय गोव्याहून एका प्रवासी जहाजावर नोकरीला निघून गेला.

"आईच्या आवाजाची दुसरी प्रत?"

"बाकी सगळ्यांच्या होत्या, आईची नाय. एल्रॉय किती मागे लागललो. पप्पा म्हणत, माझ्या बायकोचा आवाज लोकांच्या खिशातून फिरणार नाही." ती क्षणभर थांबली. "तिच्या पहिल्या गावपळणीची गोष्ट होती ती. नवी नवरी होती, घाईत मांजर घरातच ऱ्हवला. वेशीबाहेर रात्रभर रडत होती. सांगताना सुद्धा रडली."

गावपळण आचऱ्याची. दर काही वर्षांनी देवाचा कौल मिळाला की सगळा गाव घरं बंद करून वेशीबाहेर झोपड्यांत राहायला जातो. देवळाचे मानकरी, चर्चची माणसं, मुसलमान, सगळेच. गुरं, कुत्री, कोंबड्याही बरोबर. जितं काही मागे ठेवायचं नाही, एवढाच नियम. गेल्या मार्गशीर्षातच ती झाली होती.

"एल्रॉय काय म्हणतो?"

"काय म्हणाचा नाय. फोनवर एकच शब्द. जांवदे." डेल्सीने खुर्चीची पाठ घट्ट धरली. "माका लग्नाचा काय नको सांगू, चारू. तू फक्त सांग, त्येनी केल्यान की नाय. कारण एक गोष्ट माझ्या गळी उतरत नाही. मिस्सेच्या आदल्या दिवशी तो पप्पांना म्हणाला होता, 'सर, उद्या बोलपेटी उघडू नका.' तेका आधीच कसा ठावक होता?"

२

साल्वादोर सर वाचनालयाच्या दारातच उभे होते. शाळेत विज्ञान शिकवताना ते पुस्तकी मराठी बोलत, आणि निवृत्तीनंतरही अनोळखी माणसाशी तेच.

"बोलपेटी उघडली की संगणक कोसळतो. न उघडली तर दिवसभर चालतो. एक घटक बदलला, परिणाम बदलला. शास्त्र शिकलेल्या मुलीला आणखी काय सांगायचं?"

"दोन गोष्टी एकामागून एक घडल्या म्हणून पहिली दुसरीचं कारण होत नाही, सर."

"हे वाक्य मी आठवीला शिकवायचो," ते म्हणाले. आवाजात राग होता, पण खुर्ची त्यांनीच पुढे केली.

मी त्यांना सांगितलं ते असं. आपण वापरतो तो प्रोग्रॅम देवळात आलेल्या भाविकासारखा असतो. त्याला सभामंडपापर्यंत मुभा. गाभाऱ्यात मोजकेच लोक जातात: संगणकाची मूळ प्रणाली, आणि पडदा, छपाई वगैरे यंत्रं चालवणारे तिचे सेवेकरी. भाविक चक्कर येऊन पडला तर त्याला उचलून बाहेर नेतात, पूजा थांबत नाही. निळा पडदा म्हणजे गाभाऱ्यातलाच दिवा विझला. तो भाविकाच्या हातून विझत नाही.

"भाविकाने धक्का दिला तर?"

"तर आतलं काहीतरी आधीच सैल असलं पाहिजे."

"आमच्याकडे गाभारा नाही, वेदी असते," सर म्हणाले. "पण कळलं. दाखव सिद्ध करून."

कोसळताना संगणक एक नोंद मागे ठेवतो: शेवटच्या क्षणी गाभाऱ्यात कोण होतं याची. मी सगळ्या नोंदी काढल्या. एकीत पडदा चालवणाऱ्याचं नाव, दुसरीत डिस्कचं, तिसरीत चक्क कळफलकाचं. चोर एकच असता तर नाव एकच आलं असतं. दर वेळी नवा माणूस पकडला जात असेल, तर बहुतेक सगळे ज्या जमिनीवर उभे आहेत तीच खचते आहे. संगणकात ती जमीन म्हणजे रॅम, काम चालू असताना सगळं लक्षात ठेवणारी पट्टी.

मग मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. आवाज नाही, चित्र नाही. रॅममध्ये जागा मागत राहायची, एवढंच त्याचं काम. बोलपेटी तेच करत होती. सगळ्या बोलण्यांची सूची ती एकदम रॅममध्ये घेत असे. वाचनालयातलं दुसरं कुठलंही काम इतकी जागा मागत नव्हतं.

मी तो चालवला. सर माझ्या खांद्यावरून पाहत होते.

पडदा निळा झाला.

"ह्यात एल्रॉयची एक ओळसुद्धा नाही, सर," मी म्हटलं.

संगणक पुन्हा सुरू होईपर्यंत ते पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मग त्याला आदल्या दिवशी कसं माहीत होतं?"

३

वाचनालय सांभाळणारी विनीता चहा घेऊन आली आणि कप ठेवायच्या आधीच म्हणाली, "माझ्यार संशय घेशीत तर चाय मिळाची नाय हां."

"किल्ली तुझ्याकडेच असते ना?"

"असता. पण गावपळणीत सरांकडे होती. मी काय करतलंय ती किल्ली घेवन? गावात कोण नाय, पुस्तकां कोण वाचतलो, उंदीर?" ती हसली, मग बाहेर जाऊन बसलेल्या सरांकडे पाहून आवाज उतरवला. "एल्रॉय तसो झिल नाय गो. मिस्सेच्या आदल्या दिसा संगणकाचो ह्यो डबो त्येनी उघडल्यान, हय जमनीर बसान. खूप वेळ नुसतो बघीत ऱ्हवलो. मगे सर इले, तेंका एकच विचारल्यान. 'सर, गावपळणीत ह्यो खंय होतो?'"

"सर काय म्हणाले?"

"म्हणाले, 'कुठे असणार? इथेच. कुलपात.'"

"मग?"

"मगे काय. झाकण लावल्यान, स्क्रू बसवल्यान, आणि म्हणालो, उद्या बोलपेटी उघडू नका, माका थोडो वेळ द्या. आणि दुसऱ्या दिसा ता सगळा झाला. सर तेका काय काय बोलले. पण ह्येच्या तोंडातसून शब्द नाय. मीच सांगलंय सरांका, अवो, त्येचा तरी ऐका. तर एल्रॉयनीच माझ्याकडे बघून मान हलवल्यान. नको म्हणान."

विनीता रिकामा कप घेऊन गेली. मी पुन्हा संगणकाकडे वळले. तो कधी सुरू झाला आणि कधी बंद, याची आठवण तो स्वतःच ठेवतो. मी मार्गशीर्षापर्यंत मागे गेले.

गाव रिकामा होता त्या दिवसांत कुठेच नोंद असायला नको होती.

होती. एकदा नव्हे, रोज संध्याकाळी. माणूसच काय, कोंबडीसुद्धा नव्हती अशा गावात कोणीतरी रोज दिवेलागणीला हा संगणक सुरू करत होतं. आणि दर वेळी उघडलेली ध्वनिफीत एकच होती.

४

दुपारी सर जेवायला गेले तेव्हा मी डबा उघडला.

आत धूळ होती, ती सगळीकडे असते. आचऱ्याची धूळ तांबडी, जांभ्या दगडाची. पण तळाशी, पंख्याखालच्या कोपऱ्यात, पांढरट काहीतरी साचलं होतं. बोटाला घेतलं तर कण टोचले. समुद्राची वाळू.

वाळूत एक काडी अडकली होती. हिरवी असताना वाळलेली, सुईसारखी बारीक, सांध्यासांध्याची. सुरूच्या झाडाची. वाचनालयाभोवती फणस आहे, आंबा आहे, काजू आहेत. सुरूचं झाड एकही नाही. सुरूचं बन आहे ते तोंडवलीच्या किनाऱ्यावर, वेशीपलीकडे.

मी रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या. एकीचे सोनेरी दात स्वच्छ होते. दुसरीच्या दातांवर हिरवा गंज चढला होता. खाली सोन्याचा मुलामा झिजून तांबं उघडं पडलेलं.

आणि त्या पट्टीच्या खोबणीच्या कडेला गुलाबी चुरा होता.

तो मी लगेच ओळखला. रॅमचे दात मळले की आम्ही ते पेन्सिलीच्या खोडरबराने घासतो. पुस्तकात ही युक्ती सापडत नाही, पण कोकणातल्या दमट हवेत काम करणारा प्रत्येक जण ती करतो. म्हणजे एल्रॉयने हा हिरवा रंग पाहिला होता. घासून पाहिला होता. जात नाही हे त्याला कळलं होतं, म्हणून तो म्हणाला, उद्या उघडू नका.

त्याने वाळूही पाहिली असणार. विचारलेला प्रश्न वाळूचाच होता.

मग 'कुलपात' हे उत्तर ऐकल्यावर तो गप्प का बसला? एवढी एक काडी सगळ्यांसमोर धरली असती तर त्याचं नाव स्वच्छ होतं, लग्न शाबूत होतं.

मी काडी आणि चुरा एका कागदात ठेवला. हे सगळं तोंडवलीला कोणी नेलं, ते सांगू शकणारा एक माणूस गावात होता.

५

सत्यवान टेम्पो चालवतो. गावपळणीत अर्ध्या गावाचं सामान त्याने पोचवलं होतं. तो गाडीखाली आडवा पडून काहीतरी खोलत होता, तिथूनच बोलला.

"साल्वादोर सरांचा सामान? नेलंय तर. तोंडवलीक, सुरूंत. दोन गाठोडी होती, वाकळेत गुंडाळलेली. मी म्हटलंय, सर, मागे टाका, तर नाय. एक मांडयेर धरून बसले, आचऱ्यापासून तोंडवलीपर्यंत. खड्डो इलो की तेका पोटाशी धरीत." तो बाहेर आला, हात पुसत हसला. "माका वाटला, सरांनी म्हातारपणात कोंबो पाळल्यानी. सगळी जितराबा बरोबर न्हेवची ना? म्हटला, सरांचा पण आसात एक."

"तिथे वीज होती?"

"बाजूच्या पाहुण्यांच्या घरातसून वायर घेतललो. सगळ्यांका बल्ब, सरांका..." तो थांबला. "कशाक गो? काय झाला?"

"काही नाही."

मी स्कूटरवर बसले पण चालू केली नाही. डेल्सीने दुकानात सांगितलेली गोष्ट आठवली होती. घाईत मागे राहिलेलं मांजर. रात्रभर रडलेली नवी नवरी.

जितं काही मागे ठेवायचं नाही. सरांनी नियम पाळला होता. त्यांच्या घरात जे जितं उरलं होतं ते पोटाशी धरून वेशीबाहेर नेलं, झावळ्यांच्या खोपीत वाळूवर ठेवलं आणि रोज संध्याकाळी ऐकलं. पहाटेचं खारं दंव त्या वाळूवर पडतच होतं.

आयुष्यभर मुलांना शास्त्र शिकवणाऱ्या माणसाला हे सांगायची लाज वाटली असेल. म्हणून 'कुलपात'.

आणि एल्रॉयला ते एका शब्दात कळलं. बोलपेटी ध्वनिफीत उघडताना 'शेवटचं कुठपर्यंत ऐकलं' अशी खूण तिच्यात लिहून ठेवते. लिहिता लिहिता संगणक कोसळला, तर लिहिली जाणारी फीत मोडते. सर तेरेझाबाईंचीच फीत पुन्हा पुन्हा उघडत होते. वाळूची गोष्ट सांगणं म्हणजे त्यांना सांगणं, की तुम्ही तिला वाचवायला नेलंत आणि त्यातच ती गेली.

त्यापेक्षा दोष आपल्यावर असू दे, असं त्याने ठरवलं. सरांना तो कोणावर तरी ठेवायचाच होता.

माझ्याकडे आता पूर्ण उत्तर होतं, आणि ते कोणालाही द्यायची इच्छा नव्हती.

६

मी अर्धंच उत्तर द्यायचं ठरवलं. ते एल्रॉयला पुरेसं होतं.

संध्याकाळी सर आणि डेल्सी वाचनालयात बसले होते. नवी पट्टी घातल्यावर संगणक नीट चालत होता. बोलपेटी उघडली, बंद झाली, पुन्हा उघडली.

"रॅमची एक पट्टी खराब होती," मी म्हणाले. "एल्रॉयचा प्रोग्रॅम निर्दोष आहे. आपल्याकडची खारी हवा, दुसरं काही नाही. त्याला आदल्या दिवशी शंका आली होती, म्हणून तो उघडू नका म्हणाला."

डेल्सीने डोळे मिटले. मला वाटलं, संपलं.

"पट्टी दाखव," सर म्हणाले.

मी ती टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पट्टी डोळ्यांपाशी नेली.

"हिरवा. म्हणजे तांबं. तांबं, मीठ, ओलावा. मी दर वर्षी मुलांना करून दाखवायचो." त्यांनी पट्टी खाली ठेवली. "खारी हवा म्हणालीस. गावात इतके संगणक आहेत. पंचायतीत, शाळेत. ते का नाही गंजले?"

"सर, प्रत्येक यंत्र वेगळं..."

"आणि हा इतकी वर्षं इथेच होता. नाताळातच का बिघडला? परिणाम नवा असेल तर कारणही नवं असलं पाहिजे." आवाज शिक्षकाचा होता, पण वेग कमी होत चालला होता. "आत काय सापडलं?"

"धूळ."

"रंग?"

माझा हात नकळत खिशातल्या कागदाकडे गेला. खोटं बोलायला हरकत नव्हती, फक्त त्यांच्यासमोर जमलं नाही. त्यांनी हात पुढे केला. वर्गात खिशात लपवलेली वस्तू मागताना शिक्षक करतात तसा. मी कागद त्यांच्या हातात दिला.

त्यांनी सुरूची काडी पाहिली. तिला बोट लावलं नाही. बाहेर विनीता पुस्तकं झटकत होती, तेवढाच आवाज.

"पप्पा, काय आसा ता?" डेल्सीने विचारलं.

"मीच न्हेललंय, बाये." पुस्तकी मराठी गळून पडली होती. "तोंडवलीक. तिका हय एकटी कशी ठेवतलंय? मांजरासाठी रडलली ती." त्यांनी काडीखालचा गुलाबी चुरा पाहिला, मग माझ्याकडे. "ह्या काय?"

"खोडरबर. पट्टी घासून पाहिली होती."

"कोणी?"

त्यांना उत्तराची गरज नव्हती. ओठ हलत होते, जसे गणित मनात सोडवताना हलतात.

"म्हणजे तेका ठावक होता," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर मी तेका मारेकरी म्हटलंय, आणि तेका ठावक होता कोण ता."

डेल्सी उठून खिडकीपाशी गेली. वडिलांच्या पाठीवर हात ठेवायला ती गेली नाही. तिचं नुकसान वेगळं होतं आणि तिलाही ते आत्ताच नीट दिसलं होतं.

मोडलेल्या फितीतून एक तुकडा मला परत मिळाला होता. तो द्यावा की नाही हे मी दुपारपासून ठरवू शकले नव्हते. आता मी तो लावला. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज. मग सरांचाच, औपचारिक: "नाव सांगा तुमचं." आणि एका बाईचं हसू: "अरे देवा! नाव पण ठावक नाय ह्येंका." त्यापुढे काही नव्हतं. मांजर नव्हतं, वेस नव्हती.

सरांनी तो दुसऱ्यांदा लावायला सांगितला नाही.

"एल्रॉयक फोन लाव," ते डेल्सीला म्हणाले.

फोन लागला नाही. जहाज समुद्रात होतं. "आवाज पाठवता येतो ना?" त्यांनी विचारलं. डेल्सीने बटण दाबून फोन त्यांच्या तोंडापाशी धरला. ते थोडा वेळ नुसते श्वास घेत राहिले, तोही टिपला गेला असणार. मग बोलले.

"एल्रॉय. मी साल्वादोर. डबो कुलपात नव्हतो. तोंडवलीक होतो. माका आज कळला तुका कधी कळलला ता. तू परत ये म्हणाचो माका अधिकार नाय. डेल्सीचा ती सांगतली. मी मिस्सेच्या दिसा जे बोललंय, ता परत सगळ्यांसमोर चुकीचा म्हणान सांगतलंय, येत्या रविवारी, चर्चच्या पायरेर. तू ऐकूक नसलंस तरी."

डेल्सीने बोट उचललं. निरोपापुढे एकच करडी खूण उमटली. म्हणजे निघाला, पोचला नाही. आम्ही तिघं तिच्याकडे पाहत राहिलो. दुसरी खूण आली नाही.

अंधार पडायला लागला तशी मी हत्यारं आवरली. दारापर्यंत आले तेव्हा सरांनी हाक मारली.

"चारुता. ह्या मी आता बोललंय, त्येची एक प्रत काढून ठेव गो. आणि एक तुज्याकडे, मालवणात."